मागणीची रेघ आणि कुवतीची रेघ



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, संतवाङ्मय, प्रवास असे विषय शोभतात. आम्ही मात्र आज कारखान्यातला एक विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. त्याला संख्याशास्त्रीय गुणनियंत्रण असे जड नाव आहे. नाव ऐकून कोणी उठून जाऊ नये. बेरीज, वजाबाकी आणि भागाकार ज्याला येतो त्याला या विषयाचा गाभा कळतो. आम्हालाही त्याहून फारसे येत नाही. आम्ही युनियनवाले, हा विषय कोणत्या कॉलेजात शिकलो नाही. एका सभासदाची नोकरी वाचवायची होती म्हणून शिकलो. ती हकीगत पुढे येईलच.

हा विषय मंडणगडात कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या तालुक्यात मोठा कारखाना नाही हे खरे. पण कारखान्यात राबणारी माणसे या मातीने पिढ्यान् पिढ्या पुरवली. लालबाग, परळ, डिलाईल रोड इथल्या गावकीच्या खोल्यांत वळकटी टाकून ज्यांनी आयुष्य काढले, त्यांचे नातू-पणतू आज या मांडवात बसले आहेत. त्या चाकरमान्यांच्या एका जुन्या दुखण्यापासूनच आरंभ करू.

मुंबईच्या गिरण्यांत एक वहिवाट होती. कापडात तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग असा काही दोष निघाला, की ते कापड विणकराच्या गळ्यात मारीत आणि त्याची किंमत पगारातून कापून घेत. महिनाभर साच्यावर उभे राहायचे आणि पगाराच्या दिवशी पैशांऐवजी कापडाचा तागा बगलेत मारून खोलीवर यायचे! विणकर म्हणे, सूतच कच्चे आले. कातणखाते म्हणे, कापूस हलका होता. जॉबर म्हणे, याचे लक्ष नव्हते. खरे कोणाचे? ज्याचा आवाज मोठा त्याचे. मापून कोणी पाहिलेच नव्हते.

१९३६ साली वेतन देण्याविषयीचा कायदा झाला आणि अशा कपातीला लगाम बसला. कायद्याने एक अट घातली. कामगाराच्या ताब्यात दिलेल्या मालाचे नुकसान झाले, तर ते थेट त्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झालेले असले पाहिजे. आणि कपात करण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही ही अट कायम ठेवली आहे. अट न्यायाची आहे. पण मंडळी, त्या ‘थेट’ या शब्दापाशी थोडे थांबा. नुकसान थेट माणसामुळे झाले, की यंत्रामुळे, कच्च्या मालामुळे, हवेमुळे, हे ठरवायचे कसे? कायदा प्रश्न विचारतो. उत्तर काढण्याची रीत त्यात नाही. ती रीत निघाली होती कायद्याच्या बारा वर्षे आधी, अमेरिकेत.

वॉल्टर शूहार्ट नावाचे एक पदार्थविज्ञानाचे पंडित वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत होते. ही कंपनी टेलिफोनचे सामान बनवी. १६ मे १९२४ रोजी शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठाला एका पानाचे टिपण लिहिले आणि त्यात एक आकृती काढली. आज जगभर जिला नियंत्रण-आलेख म्हणतात, तिचा जन्म त्या पानावर झाला. पुढे १९३१ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. त्या संस्थेच्या निमंत्रणावरून १९४७-४८ च्या हिवाळ्यात खुद्द शूहार्ट आपल्या देशात येऊन गेले. स्वातंत्र्याला तेव्हा सहा महिनेसुद्धा झाले नव्हते.

त्यांचे म्हणणे काय होते, हे आपल्या चुलीपाशी बसून समजून घेऊ. आई तांदळाच्या भाकऱ्या थापते. पीठ तेच, परात तीच, हात तोच. तरी दहा भाकऱ्या तागडीत घालून पाहा. दोन भाकऱ्या नेमक्या एका वजनाच्या निघायच्या नाहीत. एखादी किंचित जाड, एखादी किंचित पातळ. पिठाचा ओलावा, विस्तवाची धग, हाताचा दाब अशी शंभर बारीक कारणे त्यात मिसळलेली असतात, आणि त्यांतले एकही वेगळे काढून दाखवता येत नाही. या फरकाला आपण अंगभूत चढउतार म्हणू. त्याबद्दल आईला कोणी बोल लावीत नाही.

आता एक दिवस लाकडे भिजलेली निघाली, चूल धुमसत राहिली आणि सगळ्या भाकऱ्या कच्च्या राहिल्या. हा फरक निराळा. याला नाव घेऊन सांगता येईल असे एक कारण आहे. ते शोधता येते, दूर करता येते. याला विशेष कारणाचा चढउतार म्हणू.

सगळे शास्त्र या दोहोंच्या निवाड्यात आहे. अंगभूत चढउतार पाहून ‘आज कोणी चूक केली?’ असे विचारणे ही एक चूक. विशेष कारण समोर असताना ‘असे व्हायचेच’ म्हणून सोडून देणे ही दुसरी चूक. पहिल्या चुकीत निरपराध माणूस भरडला जातो. दुसरीत खरा दोष सुखाने नांदतो. दोन्ही चुका एकदम पूर्णपणे टाळता येत नाहीत, पण दोहोंचे मिळून नुकसान कमीत कमी व्हावे अशी रेघ कोठे मारावी, हे शूहार्ट यांनी दाखवून दिले.

ती रेघ मारण्याची रीत सोपी आहे. जसजसे नग तयार होतील तसतसे ते क्रमाने मोजायचे आणि कागदावर ठिपके द्यायचे. सगळ्यांची सरासरी काढून मधे आडवी रेघ ओढायची. मग लागोपाठच्या दोन-दोन नगांतला फरक काढून त्या फरकांची सरासरी घ्यायची आणि तिला १.१२८ ने भागायचे. आलेली संख्या म्हणजे त्या कामाच्या चढउताराचे माप. या मापाच्या तिप्पट अंतरावर सरासरीच्या वर एक आणि खाली एक अशा दोन रेघा मारल्या की आलेख तयार. काम आपल्या नेहमीच्या चालीने चालले असेल, तर या दोन रेघांबाहेर हजारात सुमारे तीन ठिपकेच जातील. म्हणून ठिपका बाहेर गेला, तर कारण शोधायला निघावे. आत असेल, तर कोणाच्या अंगावर धावून जाऊ नये.

गिरणीतल्या सुताचेच पाहा. आठशे चाळीस वारांची एक लड, अशा वीस लडी मिळून एक पौंड भरल्या तर ते वीस नंबरचे सूत. पण प्रत्येक बॉबिनवरचे सूत बरोबर वीस नंबरचे कधीच नसते. थोडे खाली, थोडे वर असते. म्हणून एकशे वीस वारांचे तुकडे काढून त्यांचे वजन करतात. हे तपासलेले आकडे आलेखावर मांडले, की बारीक सूत आले म्हणून धागे तुटले की विणकर पेंगला म्हणून, याचा निवाडा जॉबरच्या तोंडावर अवलंबून राहत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या किती विणकरांना असा कागद मिळाला असता तर हवा होता!

आता दुसरी गोष्ट, म्हणजे कुवत. आतापर्यंत ज्या रेघा सांगितल्या त्या कामाने स्वतः सांगितलेल्या रेघा. पण कारखान्यात आणखी दोन रेघा असतात. नकाशा काढणारा इंजिनियर लिहितो, अमुक माप अमुक इतके हवे, आणि त्याला इतकीच मुभा. ती मागणीची रेघ. मागणी माणसाच्या इच्छेतून येते. कुवत यंत्र, माल, हत्यार आणि हात या सर्वांच्या मेळातून येते. मागणी कागदावर लिहिली म्हणून कुवत वाढत नाही. या दोन रेघांमधले अंतर कोणी मोजत नाही, आणि त्या अंतरात माणूस सापडतो. आम्हाला आज एवढेच सांगायचे आहे. बाकी सर्व त्याचा विस्तार.

आता ती हकीगत. कारखान्याचे नाव घेत नाही. त्याची गरजही नाही. तेथे लेथवर शाफ्ट कातत. व्यास पंचवीस मिलिमीटर, मुभा वर-खाली ०.०२ मिलिमीटर. म्हणजे केसाच्या जाडीचाही एक अंश. आमचा एक सभासद, आपल्याच कोकणातला, त्या लेथवर होता. त्याचे शंभरांतले पंधरा-सोळा नग रद्द होत. त्याच लेथवर दुसऱ्या पाळीत काम करणाऱ्याचे चार-पाचच होत. व्यवस्थापनाने त्याला हयगयीबद्दल चार्जशीट दिली. यंत्र तेच, माल तोच, मग फरक माणसाचा, असे त्यांचे म्हणणे. खरे सांगायचे तर आम्हालाही मनातून तसेच वाटले. चौकशीत दयेची याचना करावी, एवढीच आमची तयारी होती.

पण त्या कारखान्यात एक तरुण इंजिनियर होता. तो म्हणाला, आधी मोजू या. आम्ही दोघे त्या गड्याच्या शेजारी उभे राहून पाहू लागलो. तेव्हा ध्यानात आले की तो प्रत्येक नग झाल्यावर मायक्रोमीटर लावतो, आणि नग ०.०१ ने मोठा आला की हत्यार तेवढेच आत घेतो. लहान आला की तेवढेच बाहेर. प्रत्येक नगाला हाच खटाटोप. विचारले, ‘का रे असे करतोस?’ तो म्हणाला, ‘भाऊ, हात लावला तर विचारतात का लावलास, नाही लावला तर विचारतात झोपला होतास का. निदान हात लावलेला दिसू दे.’ त्याला आधी एक मेमो मिळाला होता. तेव्हापासून सुपरवायझर पाठीशी उभा राही.

मंडळी, इथे शास्त्र काय सांगते ते ऐका. यंत्राचा अंगभूत चढउतार चालू असताना प्रत्येक नगामागे हत्यार हलवले, तर चूक सुधारत नाही. मागच्या नगाची चूक पुढच्या नगाच्या चुकीत मिळवली जाते. चढउताराचे माप सुमारे १.४ पट होते. त्या लेथचे माप होते ०.०१ मिलिमीटर. हात न लावता चालवला, तर ०.०२ च्या मुभेबाहेर शंभरांत साधारण साडेचार नग जावेत. असा सारखा हात लावला, तर शंभरांत सोळाच्या आसपास जावेत. हिशेब आणि त्याचे रद्द नग तंतोतंत जुळले! त्याला आम्ही सांगितले, पन्नास नग होईपर्यंत हत्याराला हात लावू नकोस, फक्त ठिपके दे. सुपरवायझरला विनंती करून दूर उभे केले. रद्द नग दुसऱ्या पाळीइतकेच झाले. तो माणूस आळशी नव्हता, की अडाणी नव्हता. तो भ्यालेला होता. सोळांतले अकरा नग त्या भीतीने केले होते.

पण उरलेल्या साडेचारांचे काय? तेही कोणाच्या तरी पगारातून जाणार होते. इथे कुवतीचा हिशेब लागतो. मुभेची एकूण रुंदी ०.०४. यंत्राच्या चढउताराची रुंदी मापाच्या सहापट, म्हणजे ०.०६. चारला सहाने भागले की आले ०.६७. याला कुवतीचा अंक म्हणतात. तो एकाच्या खाली असेल, तर देवाने येऊन लेथ चालवला तरी काही नग रद्द होणारच. चांगल्या कारखान्यात निदान १.३३ चा आग्रह धरतात. म्हणजे यंत्राच्या सोबत ते साडेचार रद्द नग विकतच आणलेले होते. कामगाराने ते निर्माण केले नव्हते. लेथ उघडला तेव्हा स्पिंडलचे बेअरिंग झिजलेले निघाले. ते बदलल्यावर आणि इतर दुरुस्ती केल्यावर चढउतार निम्म्यावर आला. चाराला तीनाने भागा. अंक झाला १.३३. आता लाखात सहा-सात नग बाहेर जातील असा हिशेब. चार्जशीट मागे घेतली गेली.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. कुवतीचा अंक काढण्याआधी काम आपल्या चालीवर स्थिर आहे की नाही, हे आलेखावर पाहावे लागते. विशेष कारणे मधे लुडबुडत असताना काढलेला अंक म्हणजे ताप असलेल्या माणसाची तालमीत परीक्षा घेण्यासारखे आहे. तो अंक आजचाही खरा नाही आणि उद्याचाही नाही.

आता आमच्या बाजूचेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान न होता गेटवरची सभा होईल. त्याच आलेखावर एके दिवशी सकाळचे ठिपके एकदम वरच्या रेघेपलीकडे गेले. हा अंगभूत चढउतार नव्हता. शोध घेतला तेव्हा कळले, रात्रपाळीच्या गड्याने हत्याराचे पाते बदलले आणि पहिला नग न तपासता घरी गेला. तो आमचाच सभासद, वर्गणी वेळेवर देणारा. आम्हाला खाली मान घालावी लागली. आलेख मालकाचा नसतो तसा युनियनचाही नसतो. तो आपल्या बाजूने बोलला तेव्हा नाचायचे आणि विरुद्ध बोलला तेव्हा फाडायचे, असे चालत नाही. त्या गड्याने चूक कबूल केली, पहिला नग तपासण्याची पाटी यंत्राला लावली गेली, आणि तो ठिपका पुन्हा आला नाही. शिक्षा कोणालाच झाली नाही. कारण मात्र गेले.

ज्यांना या गोष्टीची अधिक प्रचीती हवी, त्यांच्यासाठी डेमिंग यांचा मण्यांचा खेळ आहे. एडवर्ड्स डेमिंग हे शूहार्ट यांचे अनुयायी. १९५० साली जपानी इंजिनियरांना त्यांनी हीच विद्या शिकवली, आणि जपानने तिचे काय केले ते सर्वांच्या घरांत दिसते. ते आपल्या वर्गात एका पेटीत ३२०० पांढरे आणि ८०० तांबडे मणी ठेवीत. पन्नास खळ्यांची एक पळी बुडवून मणी काढायचे. तांबडा मणी म्हणजे खराब माल. पाचांत एक मणी तांबडा असल्यामुळे पन्नासांत सरासरी दहा तांबडे यायचेच. पण कोणाला सहा येत, कोणाला चौदा. दोनांपासून अठरांपर्यंत काहीही येऊ शकते. डेमिंग मुकादमाचे सोंग घेऊन सहावाल्याला शाबासकी देत आणि चौदावाल्याला दटावीत. पुढच्या खेपेला बहुधा सहावाला वर जाई आणि चौदावाला खाली येई. मुकादम म्हणे, पाहा, दटावणीचा गुण आला आणि शाबासकीने हा बिघडला! सगळा वर्ग हसे. पण हेच जेव्हा पगारवाढीच्या यादीत घडते तेव्हा कोणी हसत नाही. मणी पेटीत कोणी भरले, हे विचारायचे असते. डेमिंग यांचा अंदाज असा, की शंभरांतले चौऱ्याण्णव दोष व्यवस्थेचे असतात, सहाच विशेष कारणांचे.

इथे आमचे काही जुने सोबती म्हणतील, ‘मोजमाप आले की कामगार कापला जातो.’ त्यांची शंका निराधार नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत जो सहा महिन्यांचा संप झाला, तो याच धास्तीतून. तेव्हा शास्त्रीय व्यवस्थेच्या नावाखाली विणकराला दोनाऐवजी तीन साचे सांभाळायला लावण्याचा डाव होता. ज्या मापाने फक्त माणसाचा घाम मोजला जातो आणि यंत्राची झीज मोजली जात नाही, ते माप एकडोळे आहे. पण त्यावर उपाय मापाला नकार देणे हा नव्हे. पेन्सिल कामगाराच्या हाती आली पाहिजे. जो यंत्रापाशी उभा आहे त्यानेच ठिपके द्यावेत, त्यालाच आलेख वाचता यावा, आणि रेघ ओलांडली गेली तर यंत्र थांबवण्याचा हक्क त्यालाच असावा.

त्याच संपाची एक दुसरी आठवण आपल्या तालुक्याला विसरता येणार नाही. विणाई खात्यात पगार अधिक होता, पण अस्पृश्य मानलेल्या बांधवांना तेथे प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, हे त्याचे निमित्त. ज्यांचे मूळ गाव आपल्या तालुक्यातले आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या वेळी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर उभा केला. काम न मोजता माणूस तोलण्याची खोड केवळ मालकांना होती असे नाही. ती आम्हा कामगारांतही होती. म्हणून आम्ही म्हणतो, मोजायचे तर काम मोजा. माणसाचा निवाडा त्यानंतर, आणि लागला तरच.

शेवटी कारखान्याबाहेरचे दोन शब्द. आपल्या गावात चाळीस मुलांचा दहावीचा वर्ग आहे असे समजा. गेल्या वर्षी निकाल नव्वद टक्के, यंदा पंच्याऐंशी. लगेच पालक विचारतात, शाळा का घसरली? पण चाळीस मुलांत पाच टक्के म्हणजे दोन मुले. एकाला परीक्षेत ताप आला, एकाच्या घरी अडचण आली, झाले. हा अंगभूत चढउतार. दहा वर्षांचे ठिपके कागदावर द्या आणि मगच मास्तरांना जाब विचारा. उलट सलग आठ वर्षे निकाल सरासरीच्या खाली राहिला, तर एकही ठिपका रेघेबाहेर नसला तरी काही तरी बदलले आहे असे समजा, आणि खुशाल विचारा. दवाखाना, पाणीपुरवठा, ग्रामपंचायतीची वसुली, सगळीकडे हा कागद चालतो. आणि मास्तरांकडून नव्व्याण्णव टक्के मागणाऱ्याने आधी वर्गात फळा आहे का, छप्पर गळते का, हे पाहावे. मागणीची रेघ वर सरकवायला दमडी लागत नाही. कुवतीची रेघ सरकवायला बेअरिंग बदलावे लागते.

आमचे वडील आज हयात असते, तर त्यांना हा आलेख दाखवून आम्ही एवढेच म्हटले असते, की बाबा, त्या दिवशी तुम्ही जो तागा बगलेत मारून घरी आणलात, त्यात कदाचित तुमची चूक असेल, कदाचित नसेल. पण तुम्हाला विचारण्याआधी कोणी तरी सूत मोजायला हवे होते.